स्मिथसनची कलखापरी

घामोळ्यांनी बेजार झालेल्या मुलाच्या अंगाला आई जे फिकट गुलाबी औषध कापसाच्या बोळ्याने लावते, त्याचे कॅलॅमाइन हे नाव आता घरोघरी परिचयाचे झाले आहे. परंतु कॅलॅमाइन हे मूळचे एका दगडाचे नाव आहे, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असेल. आपल्याकडील वैद्य ज्या द्रव्याला कलखापरी म्हणत आले आणि संस्कृत रसग्रंथांत ज्याचा उल्लेख रसक किंवा खर्पर असा येतो, ते द्रव्य आणि युरोपातील खाणकामगारांचे कॅलॅमाइन ही एकाच गोतावळ्यातील मंडळी होत. हा गोतावळा जस्ताचा. या दगडाने वैद्यांना नेत्ररोगांवरील औषधे दिली, कारागिरांना पितळ दिले. आणि तरीही तो स्वतः नेमका कशाचा बनला आहे, हे मात्र शेकडो वर्षे कोणालाच निश्चितपणे सांगता येत नव्हते.

हे कोडे १८०२ साली एका इंग्रज गृहस्थाने सोडविले. तो खाणीचा मालक नव्हता, की विद्यापीठातील प्राध्यापक नव्हता. त्याच्यापाशी होता खनिजांचा एक खाजगी संग्रह, एक नाजूक तराजू, एक फुंकनळी आणि जे दिसेल तेच लिहिण्याची सवय. त्याचे नाव जेम्स स्मिथसन. त्याने तपासलेल्या एका खनिजाला आज जगभर स्मिथसोनाइट असे म्हणतात. त्याच्या संपत्तीतून वॉशिंग्टन येथे जी संस्था उभी राहिली, तिचे नाव तर सर्वतोमुखी आहे. पण ज्या संग्रहात त्याने आपले आयुष्य वेचले, त्यातील दगड मात्र आज कोणासही पाहावयास मिळणार नाहीत. ते का मिळणार नाहीत, आणि ते नसतानाही त्यांचे काम कसे टिकून राहिले, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम या दगडाच्या धातूकडे वळू. तांबे, शिसे अथवा कथील यांची खनिजे कोळशाबरोबर भट्टीत तापविली, की धातू वितळून तळाशी साचतो. जस्ताचे तसे होत नाही. जस्त सुमारे ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, आणि त्याच्या भस्मातील प्राणवायू कोळशाकडून काढून घ्यावयाचा, तर त्याहूनही अधिक उष्णता लागते. परिणामी धातू तयार होताक्षणीच त्याची वाफ होते, आणि ती वाफ उघड्या हवेत आली की पेट घेऊन पुन्हा पांढरे भस्म बनते. भट्टी विझल्यावर धातू म्हणून हाती काहीच उरत नाही. त्यामुळे पुष्कळ देशांत लोक जस्ताचा दगड पिढ्यान्‌पिढ्या वापरीत होते. पण जस्त मात्र त्यांनी कधी पाहिलेले नव्हते. तांब्याचे तुकडे, कोळशाची पूड आणि हा दगड ही एका बंद मुशीत घालून तापविली, की जस्ताची वाफ तांब्यात मुरे आणि पितळ तयार होई. आपण दोन धातूंचा संयोग घडवून आणीत आहोत, याची कारागिरांस जाणीव नसे; या दगडामुळे तांब्याला पिवळा रंग चढतो आणि त्याचे वजन वाढते, एवढेच ते जाणत.

या निसटत्या वाफेला कोंडून थंड करण्याची युक्ती भारतात फार पूर्वी साधली होती. राजस्थानात उदयपूरच्या दक्षिणेस जावर या गावी सुमारे बाराव्या शतकापासून मोठ्या प्रमाणावर जस्त तयार होत असे. रसरत्नसमुच्चय या ग्रंथात रसकापासून सत्त्व काढण्याची जी रीत दिली आहे, तीत वांग्याच्या आकाराची, नळी जोडलेली मूस सांगितली आहे. ही मूस उलटी ठेवून वरून तापवावयाची, म्हणजे वाफ नळीवाटे खाली उतरते आणि खालच्या थंड भागात धातू जमतो. हे केवळ ग्रंथातील वर्णन नव्हे. १९८३ साली ब्रिटिश म्युझियम, वडोदऱ्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्तान झिंक यांच्या संशोधकांना जावर येथील उत्खननात अशा मुशी जागच्या जागी असलेल्या जुन्या भट्ट्या सापडल्या. एकेका भट्टीत ३६ मुशी मांडलेल्या होत्या. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियन याने जस्त गाळण्याचे पेटंट घेतले ते १७३८ मध्ये. त्याचीही रीत वाफ खाली उतरविण्याचीच होती. ब्रिस्टलच्या पितळेच्या कारखान्यांना लागणारे कॅलॅमाइन जवळच्याच मेंडिप टेकड्यांतून येई. अशा प्रकारे स्मिथसनच्या काळी युरोपात जस्त हा धातू माहीत झाला होता. वाद उरला होता तो त्याच्या दगडाविषयी.

हा दगड पृथ्वीच्या पोटात कसा तयार होतो, तेही पाहिले पाहिजे. जस्ताचे मूळ खनिज म्हणजे जस्त आणि गंधक यांचे संयुग. त्याला स्फॅलेराइट असे म्हणतात. जमिनीच्या वरच्या थरात पावसाचे पाणी आणि हवा या खनिजापर्यंत पोचली, की त्याचे हळूहळू विघटन होऊन त्यातील जस्त पाण्यात विरघळते. असे जस्तमिश्रित पाणी झिरपत झिरपत चुनखडीच्या खडकात शिरले, म्हणजे चुन्याच्या जागी जस्त बसते आणि जस्ताचा कार्बोनेट तयार होतो. जेथे पाण्याबरोबर सिलिका, म्हणजे गारेचे द्रव्य असते, तेथे जस्ताचा सिलिकेट तयार होतो. हे दोन्ही दगड पुष्कळदा एकाच खाणीत शेजारी शेजारी सापडतात, दोन्ही फिकट रंगाचे आणि हाताला जड लागतात. म्हणून खाणकामगारांनी दोहोंना एकच नाव देऊन टाकले, यात नवल नाही.

यांपैकी कार्बोनेट हा आजच्या खनिजसंग्राहकांचा फार आवडता दगड आहे. शुद्ध असेल तर तो पांढरा असतो. पण त्यात तांब्याचा अंश आला की तो निळसर हिरवा होतो, कोबाल्टने गुलाबी होतो, कॅडमियमने पिवळा होतो आणि लोहाने तपकिरी पडतो. त्याचे सुटे, रेखीव स्फटिक क्वचितच मिळतात. बहुधा तो द्राक्षांच्या घोसासारख्या गोल गोल फुगवट्यांनी खडकावर पसरलेला असतो, आणि त्याच्या पृष्ठावर रेशमासारखी झाक असते. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोमधील केली खाणीचे निळे-हिरवे तुकडे आणि नामिबियातील त्सुमेब खाणीचे विविधरंगी तुकडे खाजगी संग्रहांत मोठ्या दिमाखाने मांडलेले असतात. ज्या दगडाच्या साध्या, मळकट तुकड्यांवर स्मिथसनने आपली तपासणी केली, तो दगड हाच.

हा स्मिथसन जन्माने काहीसा दुर्दैवी होता. सुमारे १७६५ साली पॅरिसमध्ये त्याचा जन्म झाला. त्याचा पिता पुढे नॉर्थंबरलंडचा ड्यूक झालेला एक बडा उमराव, आणि माता एलिझाबेथ मेसी ही एक श्रीमंत विधवा. या दोघांचा विवाह झालेला नव्हता. त्यामुळे पित्याची पदवी, घराणे वा वारसा यांपैकी काहीही या मुलाच्या वाट्यास येणे शक्य नव्हते. मातेच्या आडनावाने तो वाढला आणि ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजात शिकला. विद्यार्थी असतानाच १७८४ मध्ये त्याने स्कॉटलंडमधील स्टाफा बेटापर्यंत प्रवास करून तेथील खडकांचे नमुने गोळा केले. १७८७ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षाच्या सुमारास, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतले. मातेच्या मृत्यूनंतर त्याने स्मिथसन हे पित्याचे मूळ आडनाव धारण केले. विवाह त्याने केला नाही. युरोपातील गावोगावी भाड्याच्या घरांतून राहावे, खाणी पाहाव्यात, नमुने विकत घ्यावेत आणि त्यांची परीक्षा करावी, हाच त्याचा जीवनक्रम होऊन बसला.

त्याच्या पहिल्या संशोधनाचा संबंध आपल्या देशाशी येतो. बांबूच्या पेरांत आढळणारे वंशलोचन आपल्याकडे औषध म्हणून प्रसिद्ध आहे. डॉक्टर पॅट्रिक रसेल याने भारतातून वंशलोचनाचे काही नमुने रॉयल सोसायटीपुढे ठेवले होते, आणि त्यांतील एक नमुना हैदराबादचा होता. या तरुण सदस्याने त्यांची रासायनिक तपासणी करून १७९१ मध्ये दाखवून दिले, की वनस्पतीच्या पोटात तयार झालेला हा पदार्थ वस्तुतः गारेच्याच जातीचा, म्हणजे सिलिकेचा आहे. दिसण्यावरून अथवा उगमावरून पदार्थाची जात ठरवू नये, त्याचे घटक काय ते पाहावे, हा धडा त्याला येथेच मिळाला असावा.

स्मिथसनची काम करण्याची पद्धत अतिशय काटकसरीची होती. मोहरीएवढा कण मिळाला तरी त्याला पुरे होई. दिव्याच्या ज्योतीत फुंकनळीने हवा सोडून तो कण तापवावयाचा, त्याचा रंग, वास, धूर, वितळणे यांची नोंद घ्यावयाची, आणि मग उरलेल्याचे वजन करावयाचे. त्याच्या या कौशल्याची एक आख्यायिका रॉयल सोसायटीचा अध्यक्ष डेव्हिस गिल्बर्ट याने त्याच्या मृत्यूनंतर सांगितली. एका स्त्रीच्या गालावरून ओघळणारा अश्रू स्मिथसनने म्हणे स्फटिकाच्या पात्रात झेलला. अर्धा थेंब सांडला. पण उरलेल्या अर्ध्या थेंबात कोणकोणते क्षार आहेत, ते त्याने शोधून काढले. अशा माणसाचा संग्रह डोळे दिपविणारा नसणार हे उघडच आहे. त्यातील नमुने बहुतेक लहान, परंतु निर्दोष होते, असे तो संग्रह पाहणाऱ्यांनी पुढे नमूद केले आहे. कपाटाची शोभा वाढविण्याकरिता ते जमविलेले नव्हते. ते प्रश्न विचारण्याकरिता जमविलेले होते.

कॅलॅमाइनविषयीचा प्रश्न असा होता. काही कॅलॅमाइनवर आम्ल टाकले की ते फसफसते, आणि काही फसफसत नाही. असे का व्हावे? स्फटिकशास्त्राचा जनक म्हणून ज्याचा गौरव होतो, त्या ॲबे आवी या फ्रेंच धर्मगुरूचे मत असे होते, की सर्व कॅलॅमाइन एकाच जातीचे असून ते म्हणजे केवळ जस्ताचे भस्म होय. काही तुकडे फसफसतात ते त्यांत चुनखडीची भेसळ झाली असल्यामुळे; कॅलॅमाइनचा तो स्वभाव नव्हे. आवीसारख्या अधिकारी पुरुषाचे हे मत असल्यामुळे त्याला मोठे वजन होते. स्मिथसनला ते पटले नाही. परंतु त्याने वाद घातला नाही, तर तराजू काढला.

त्याने निरनिराळ्या ठिकाणचे नमुने घेतले. एक इंग्लंडच्या डर्बीशायरमधील, एक सॉमरसेटमधील मेंडिप टेकड्यांतील, एक ऑस्ट्रियाच्या कॅरिंथिया प्रांतातील ब्लायबर्ग खाणीचा म्हणून मिळालेला, आणि एक त्या काळच्या हंगेरीतील रेझबान्या येथील. यांतील शेवटच्या नमुन्याचा एक चमत्कारिक गुण होता. तो तापविला की त्याच्या अंगी विद्युत् प्रकट होई. त्यामुळे त्याला विद्युत्-कॅलॅमाइन असे म्हणत.

तपासणीची दिशा समजावयास कठीण नाही. दगड फसफसतो याचा अर्थ त्यातून कर्बाम्ल वायू, म्हणजेच आज ज्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतात तो वायू, बाहेर पडतो. तो वायू जर चुनखडीच्या भेसळीतून येत असेल, तर दगडात त्या हिशेबाने चुनाही सापडला पाहिजे. उलट चुना जवळजवळ नसेलच, आणि वायू मात्र भरपूर निघत असेल, तर तो वायू जस्ताशीच जखडलेला होता असे मानावे लागेल. म्हणून दगड मोजून घ्यावयाचा, तो तापवून अथवा आम्लात विरघळवून वायू घालवून द्यावयाचा, आणि वजन किती घटले ते पाहावयाचे. जे घटले तो वायू. जे उरले ते जस्ताचे भस्म.

मेंडिपच्या तुकड्याने उत्तर दिले: शंभर भागांत ३५.२ भाग वायू आणि ६४.८ भाग जस्ताचे भस्म. डर्बीशायरच्या तुकड्याचे उत्तर होते ३४.८ आणि ६५.२. दोन वेगवेगळ्या परगण्यांतील दोन दगड जवळजवळ एकच आकडा सांगत होते. भेसळ अशी नेमाने होत नसते. कोणी दूधवाला पाणी मिसळतो तेव्हा कधी पावशेर मिसळील, कधी अच्छेर. पण प्रत्येक गावच्या प्रत्येक दुधात नेमके तितकेच पाणी निघाले, तर ते पाणी दुधाचेच अंग आहे असे म्हणावे लागते. तसेच येथे झाले. कर्बाम्ल वायू हा या दगडाचा मूळ घटक होता, आणि दगड म्हणजे जस्ताचा कार्बोनेट होता. आजचे रसायनशास्त्र अणुभारांवरून हिशेब करून सांगते, की शुद्ध जस्त-कार्बोनेटात भस्म ६४.९ आणि वायू ३५.१ टक्के असावयास हवा. दोनशे वर्षांपूर्वी, साध्या तराजूवर, मेंडिपच्या तुकड्याबाबत स्मिथसनची चूक हजारात एका भागापुरती होती.

विद्युत्-कॅलॅमाइनची गोष्ट निराळीच निघाली. आम्लात टाकल्यावर तो फसफसला नाही. त्याचा शिजलेल्या साबुदाण्यासारखा लगदा झाला. तपासणीत त्यात शंभरास २५ भाग सिलिका आढळली. सिलिकेचे हे प्रमाणही आजच्या आकड्याशी बरोबर जुळते. ब्लायबर्गच्या नमुन्यात वायू थोडा आणि पाणी पुष्कळ होते, म्हणजे तो तिसऱ्याच प्रकारचा होता. अशा रीतीने ज्याला सगळे एक दगड समजत होते, ते निदान तीन वेगवेगळे दगड निघाले. १८ नोव्हेंबर १८०२ रोजी हा निबंध रॉयल सोसायटीत वाचला गेला आणि १८०३ मध्ये तिच्या फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स या नियतकालिकात तो छापून आला.

या निबंधात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. स्मिथसनची अशी धारणा होती, की पदार्थांचे घटक वाटेल त्या प्रमाणात एकत्र येत नाहीत. ते एक चतुर्थांश, एक तृतीयांश अशा साध्या अपूर्णांकांत एकत्र येतात. डाल्टनचा अणुसिद्धान्त ग्रंथरूपाने १८०८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याच्या आधीचा हा विचार आहे. विद्युत्-कॅलॅमाइनमध्ये सिलिका नेमकी एक चतुर्थांश भरली, तेव्हा ही कल्पना खरी वाटली. परंतु कार्बोनेटात त्याच्या मते वायू एक तृतीयांश, म्हणजे शंभरास सुमारे ३३ भाग असावयास हवा होता, आणि तराजू तर ३५ दाखवीत होता. आपल्या कल्पनेला सोयीचा आकडा लिहिण्याचा मोह अशा वेळी कोणासही व्हावा. स्मिथसनने मोजलेला आकडा जसाच्या तसा छापला. त्याची कल्पना पुढे सुधारावी लागली. घटकांचे साधे प्रमाण हे वजनाचे नसून अणूंच्या संख्येचे असते, हे नंतर कळले. परंतु त्याचा आकडा मात्र आजही बदलावा लागलेला नाही.

२७ जून १८२९ रोजी इटलीतील जिनोआ येथे स्मिथसनचा मृत्यू झाला. तीन वर्षांनी, १८३२ मध्ये, फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ ब्यूदाँ याने जस्ताच्या कार्बोनेटाला स्मिथसोनाइट हे नाव दिले. पुढे काही काळ नावांचा घोटाळा चालला. काही ग्रंथकार कार्बोनेटाला कॅलॅमाइन आणि सिलिकेटाला स्मिथसोनाइट म्हणत, तर काही नेमके उलट. अखेर सिलिकेटाला हेमिमॉर्फाइट हे नाव रूढ झाले, आणि कॅलॅमाइन हे संदिग्ध नाव खनिजशास्त्राने सोडून दिले. ते आता औषधाच्या बाटलीवर तेवढे उरले आहे. ज्याला पित्याच्या घराण्यात जागा मिळाली नाही, त्या माणसाचे आडनाव या प्रकारे खनिजांच्या कुळात कायमचे दाखल झाले.

आता त्याच्या संग्रहाचे काय झाले ते पाहू. १८२६ मध्ये केलेल्या मृत्युपत्रात त्याने आपली मालमत्ता पुतण्याला दिली होती, आणि पुतण्या निपुत्रिक वारल्यास सर्व संपत्ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांना मिळावी, तीतून वॉशिंग्टन येथे मानवजातीत ज्ञानाची वृद्धी व प्रसार करणारी संस्था स्थापावी, असे लिहिले होते. ज्या देशात त्याने कधी पाऊलही ठेवले नव्हते, त्या देशाला ही देणगी होती. पुतण्या १८३५ मध्ये निपुत्रिक वारला. १८३८ साली एक लाखाहून अधिक सोन्याची सॉव्हरिन नाणी पेट्यांत भरून जहाजाने अमेरिकेस नेण्यात आली. त्यांचे मोल पाच लाख डॉलरांहून अधिक भरले. त्याबरोबरच स्मिथसनची पुस्तके, कागदपत्रे आणि आठ ते दहा हजार नमुन्यांचा खनिजसंग्रहही तेथे पोचला. पैशाचे काय करावे यावर तेथील काँग्रेसमध्ये पुष्कळ वर्षे चर्चा चालली, आणि १० ऑगस्ट १८४६ रोजी स्मिथसोनियन इन्स्टिट्यूशनचा कायदा मंजूर झाला. संस्थेसाठी तांबड्या दगडांची, मनोऱ्यांची एक किल्ल्यासारखी इमारत उभी राहिली, आणि संस्थापकाचे दगड व कागद तिच्यात सुरक्षित ठेवण्यात आले. निदान सर्वांची तशी समजूत होती.

१८६५ च्या जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये कडाक्याची थंडी पडली होती. वरच्या मजल्यावरील चित्रांच्या दालनात काम करणाऱ्या माणसांनी ऊब यावी म्हणून एक शेगडी आणून बसविली आणि तिचे धुराडे भिंतीतील एका भोकात घातले. ते भोक धूर बाहेर नेणाऱ्या नळाचे नव्हते. भिंत आणि तिचे अस्तर यांमधील पोकळीचे होते. धूर आणि ठिणग्या छपराखाली कोंडत राहिल्या, आणि २४ जानेवारीच्या दुपारी आग भडकली. वरचा मजला व मनोरे जळाले. चित्रांचे दालन गेले, संस्थेची कागदपत्रे गेली, स्मिथसनची हस्तलिखिते गेली, आणि त्याचा खनिजसंग्रहही त्याच आगीत नष्ट झाला. त्याची पुस्तके तेवढी वाचली. एका भोकाची नीट चौकशी न केल्यामुळे, चाळीस वर्षांहून अधिक काळ गावोगावी फिरून जमविलेला संग्रह एका दुपारी संपला.

या हानीचे मोजमाप करताना दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. ज्या हस्तलिखितांत त्याने अप्रकाशित निरीक्षणे लिहून ठेवली होती, ती कायमची गेली. त्यांत काय होते ते आता कोणीही सांगू शकणार नाही, आणि ते पुन्हा मिळविण्याचा कोणताही उपाय नाही. त्याच्या हजारो दगडांपैकी ज्यांची हकीकत त्याने कोठेही छापली नव्हती, तेही असेच मुके राहून गेले. याउलट मेंडिपचा आणि डर्बीशायरचा तुकडा आज नसला, तरी त्यांची साक्ष जिवंत आहे. त्या कोठून आल्या, त्यांवर कोणता प्रयोग केला, किती वजन घटले, हे सर्व १८०३ सालीच छापले गेले आणि युरोपातील ग्रंथालयांत पोचले. आजही कोणी मेंडिपच्या टेकडीवरून तसाच तुकडा आणून तराजूवर ठेवला, तर स्मिथसन खरे बोलला की खोटे, ते त्याला ताडून पाहता येईल. वॉशिंग्टनची आग लंडनमध्ये छापलेल्या त्या पानांपर्यंत पोचू शकत नव्हती.

खाजगी संग्रहाचे बळ आणि दुबळेपण ही दोन्ही यात दिसून येतात. विद्यापीठे आणि सरकारी कार्यालये ज्याकडे लक्ष देत नाहीत, अशा मळकट दगडाकडे एखादा छांदिष्ट माणूस वर्षानुवर्षे पाहत राहतो, आणि त्यातून कोडे सुटते. परंतु तो संग्रह एका माणसाच्या स्मरणशक्तीवर आणि एका घराच्या छपरावर अवलंबून असतो. माणूस गेला, की कोणता दगड कोठला हे सांगणारे कोणी उरत नाही. वारसदारांना ते नुसते दगड वाटतात. मोठ्या संस्थेच्या स्वाधीन केले म्हणजे काळजी मिटली असेही नाही, हे स्मिथसनच्या संग्रहाने दाखवून दिले आहे.

हा प्रश्न आपल्यापासून फार दूरचा नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणात पुणे, नाशिक, जळगाव या भागांत विहिरी खणताना आणि खडी फोडताना जे शुभ्र, हिरवे, गुलाबी स्फटिक निघतात, ते आज जगातील उत्तमोत्तम संग्रहांत मानाने ठेवले जातात. आपल्या शाळांच्या कपाटांतही असे तुकडे धूळ खात पडलेले असतात. कोणी माजी विद्यार्थी, कोणी शेतकरी ते मोठ्या हौसेने आणून देतो. पण कोठल्या गावच्या कोठल्या विहिरीत, किती हात खोल, कोणत्या साली ते सापडले, हे बहुधा कोणी लिहून ठेवीत नाही. त्या दगडाला क्रमांक नसतो, चिठ्ठी नसते, वहीत नोंद नसते. पुढे कोणी जाणकार आला, तर तो स्फटिकाचे नाव सांगू शकेल, पण त्याचे गाव सांगू शकणार नाही.

यावरचा उपाय खर्चाचा नाही. दगडावर एक क्रमांक घालावा, त्याच क्रमांकाखाली वहीत ठिकाण, तारीख आणि देणाराचे नाव लिहावे, आणि त्या वहीची दुसरी प्रत दुसऱ्या घरी अथवा दुसऱ्या इमारतीत ठेवावी. काही नवीन आढळले, तर ते कोठेतरी छापून ठेवावे, मग ते शाळेचे वार्षिक का असेना. स्मिथसनपाशी संपत्ती होती, फुरसत होती, रॉयल सोसायटीसारखे व्यासपीठ होते. एवढे सगळे असूनही त्याचे टिकले ते त्याने लिहून इतरांच्या हाती दिलेले तेवढेच. घामोळ्यांवरच्या बाटलीवरील कॅलॅमाइन हा शब्द यापुढे कधी दृष्टीस पडला, तर मेंडिपच्या त्या तुकड्याची आणि त्याच्या ३५.२ भागांची आठवण व्हावी, आणि आपल्या कपाटातील एखाद्या अनामिक दगडाला त्याच दिवशी चिठ्ठी लावली जावी.